‘कृपाभिलाषी’ला नोकरी कोण देणार?



मे-जून आला की पेपरात ‘पाहिजेत’च्या जाहिराती वाढतात. शिक्षिका पाहिजेत, क्लार्क पाहिजे, नर्स पाहिजे, दुकानात हिशोब ठेवायला माणूस पाहिजे. आणि त्याच दिवसांत आमच्यासारख्या शिक्षकांकडे जुने विद्यार्थी, त्यांचे आई-वडील, भावकीतलं कुणीतरी असे सगळे येतात. "मॅडम, जरा अर्ज लिहून द्या ना!" बायोडाटा सायबर कॅफेवाल्याने करून दिलेला असतो. मार्कशीटच्या झेरॉक्स असतात. अडतं ते त्या एका पानावर, जे या सगळ्याच्या वर लावायचं असतं. शहरात त्याला कव्हर लेटर म्हणतात, आपल्याकडे साधा ‘अर्ज’.

दहावी-बारावी, कधी कधी पदवी झालेल्या मुलाला स्वतःबद्दल एक पान लिहिता येऊ नये, याला मुलं जबाबदार आहेत असं मला वाटत नाही. आपण अर्ज शिकवतो तोच मुळात चुकीच्या बाजूने शिकवतो, हे माझं मत आहे आणि ते आज जरा सविस्तर मांडते.

आमच्या संस्थेत बालवाडी आणि विनाअनुदानित तुकड्यांसाठी शिक्षिका स्थानिक पातळीवर घेतल्या जातात. आलेले अर्ज लावून, त्यांची यादी करून मोठ्या बाईंसमोर ठेवण्याचं काम गेली तीन वर्षं माझ्याकडे आहे. मागच्या वर्षी दोन जागांसाठी चौऱ्याहत्तर अर्ज होते. मी एका बैठकीत सगळे वाचले. खरं सांगायचं तर वीस-बावीस झाल्यावर मला कुणाचा कोणता ते आठवेना, कारण पन्नासच्या वर अर्जांचा मजकूर जवळजवळ हाच होता :

‘महोदय, वरील विषयास अनुसरून मी खालील सही करणार विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, आपल्या शाळेत शिक्षिकेची जागा रिक्त असल्याचे वर्तमानपत्रातील जाहिरातीवरून समजले. तरी सदर जागेसाठी मी इच्छुक आहे. माझ्या घरची परिस्थिती हलाखीची असून मला नोकरीची अत्यंत गरज आहे. मला संधी दिल्यास मी त्या संधीचे सोने करीन व दिलेले काम प्रामाणिकपणे करीन. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती. आपली कृपाभिलाषी.’

यात शुद्धलेखनाची चूक नाही. मायना बरोबर, समारोप बरोबर. परीक्षेत पाचपैकी साडेचार मार्क पक्के. पण खालची सही झाकली तर हा अर्ज कुणाचा आहे ते सांगता येईल का? बालवाडीऐवजी पतसंस्था लिहिलं तरी चालेल, पेट्रोलपंप लिहिलं तरी चालेल. चौऱ्याहत्तर बायका, प्रत्येकीचं आयुष्य वेगळं, कुणी अंगणवाडीत मदतनीस होती, कुणी गावात शिकवण्या घेते, कुणाला गाणं येतं. आणि कागदावर सगळ्या एकच बाई झाल्या होत्या.

उरलेल्यांपैकी एक अर्ज मात्र मला अजून आठवतो. तिने दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं की, मी तीन वर्षं घरीच चार ते सहा वयाची नऊ मुलं सांभाळते, आणि रडणाऱ्या मुलाला पहिल्या आठवड्यात कसं रुळवायचं हे मला जमतं. बस्स. मोठ्या बाईंनी तो कागद बाजूला काढला आणि म्हणाल्या, "हिला आधी बोलवा." जून महिन्यात बालवाडीत काय रडारड असते हे ज्यांना माहीत आहे, त्यांना कारण सांगायला नको!

आता हे ‘विनंतीपूर्वक सादर’ आलं कुठून? अर्ज हा शब्दच अरबीतून आलेला, दरबारात आपलं म्हणणं पुढे ठेवणं अशा अर्थाचा. आपल्या जुन्या पत्रव्यवहारात ‘विज्ञापना’ होती, ‘विनंती विशेष’ होती. मग इंग्रजी कचेऱ्या आल्या आणि ‘आय बेग टू स्टेट’ आलं. दोन्ही ठिकाणी लिहिणारा खाली उभा आणि वाचणारा वर बसलेला. राज्यं गेली, कचेऱ्या बदलल्या, पण तो मायना आपल्या वहीत राहिला. चौथी-पाचवीत आपण पहिला अर्ज कोणता शिकवतो? आजारी असल्यामुळे रजा मिळणेबाबत. नंतर दाखला मिळणेबाबत. फी माफ होणेबाबत. हे सगळे मागण्याचे अर्ज आहेत आणि तिथे विनंती योग्यच आहे. रजा देणं हा समोरच्याचा अधिकार आहे, मी ती मागतो आहे. पण नोकरीचा अर्ज तसा नाही हो! तिथे समोरच्यालाही गरज आहे. त्याने पैसे खर्चून जाहिरात दिली आहे. त्याचं काम अडलं आहे. मी त्याच्याकडे मागायला जात नाही, मी काहीतरी घेऊन जाते आहे. हा फरक आपण वर्गात कधीच सांगत नाही, म्हणून मुलं रजेच्या अर्जात ‘रजा’च्या जागी ‘नोकरी’ घालतात आणि मोकळी होतात.

वरच्या वर्गांचंही थोडं बघा. दहावीच्या उपयोजित लेखनात पत्र आहे, पण ते बहुतेक वेळा शाळेचा विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने रोपांची किंवा पुस्तकांची मागणी करणारं. बारावीच्या युवकभारतीत उपयोजित मराठीचा भाग आहे, तो मला मनापासून आवडतो. मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख. चारही उपयोगाचे. पण मुलगा बारावीनंतर पहिल्यांदा जो कागद स्वतःच्या नावाने लिहिणार आहे, तो त्या यादीत नाही.

दरवर्षी 22 डिसेंबरला आपण शाळेत राष्ट्रीय गणित दिवस साजरा करतो. रामानुजन यांचा फोटो, हार, 1729 ची गोष्ट. माझी एक सूचना आहे. त्या दिवशी त्यांच्या नोकरीच्या अर्जाचीही गोष्ट सांगा. हा अर्ज 9 फेब्रुवारी 1912 चा आहे, मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनाच्या जागेसाठी लिहिलेला. तेव्हा रामानुजन चोवीस वर्षांचे होते. कॉलेजात गणित सोडून बाकी विषयांत नापास होऊन शिष्यवृत्ती गेलेली, एफ.ए. म्हणजे तेव्हाची कॉलेजची पहिली पायरी, तीही पार झालेली नाही, लग्न झालेलं. म्हणजे आजच्या भाषेत ‘गॅप असलेला ड्रॉप आउट’.

अर्ज अगदी छोटा आहे. तुमच्या कचेरीत कारकुनाची जागा रिकामी असल्याचं समजलं, तिच्यासाठी अर्ज करतो. मॅट्रिक झालो आहे, एफ.ए.पर्यंत शिकलो, पण काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आलं नाही. मात्र त्यानंतर सगळा वेळ गणिताला दिला आहे आणि तो विषय वाढवतो आहे. जागा मिळाली तर कामाला न्याय देऊ शकेन, याचा विश्वास आहे. सोबत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या गणिताच्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र. एवढंच! 1 मार्चपासून ते महिना 30 रुपयांवर कामाला लागले.

‘बेग’ हा शब्द त्याही अर्जात आहे, तो काळच तसा होता. पण त्या शब्दाच्या आत काय आहे ते पाहा. शिक्षण अर्धवट राहिलं हे लपवलेलं नाही आणि त्यावर रडगाणंही नाही. एका वाक्यात ते सांगून टाकलं आणि ‘मात्र’ म्हणून पुढच्या वाक्यात त्या काळात काय केलं ते सांगितलं. हिशोबाच्या खात्यातल्या जागेसाठी गणित हीच कामाची गोष्ट होती, तीच पुढे केली. पुरावा म्हणून जाणत्या माणसाचं पत्र जोडलं.

पुढे 16 जानेवारी 1913 रोजी त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना जे प्रसिद्ध पत्र लिहिलं, त्याचीही बांधणी अशीच आहे. सुरुवातीलाच, मी पोर्ट ट्रस्टच्या हिशोब खात्यात कारकून आहे, वर्षाला फक्त 20 पौंड पगार. विद्यापीठाचं शिक्षण नाही. मग काय केलं आहे ते. आणि सोबत शंभराहून अधिक सूत्रं नि प्रमेयं. गरिबीचा उल्लेख या पत्रात आहे, पण तो शेवटी, कामाच्या संदर्भात : मी गरीब आहे, यात काही मोल वाटलं तर हे प्रसिद्ध व्हावं अशी इच्छा आहे. म्हणजे आधी माल दाखवला, मग अडचण सांगितली. आपल्या अर्जांत अडचणच आधी येते, आणि माल येतच नाही. आणखी एक, हार्डींच्या आधी केंब्रिजमधल्याच दुसऱ्या गणितज्ञांना पाठवलेल्या पत्रांतून काही निष्पन्न झालं नव्हतं. पत्र चांगलं असलं तरी प्रत्येक दार उघडतं असं नाही, हेही मुलांना कळलेलं बरं.

इथे एक पालक मला नक्की थांबवतील. "मॅडम, हे सगळं ठीक आहे. पण नोकऱ्या वशिल्याने लागतात. अर्ज कसाही लिहा." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याला बगल देणं बरोबर नाही. वशिला आहे. मी स्वतः डीएड झाल्यावर एका संस्थेत मुलाखतीला गेले होते, तिथे शेवटचा प्रश्न ‘देणगी किती देऊ शकाल’ हा होता. अशा जागी कालिदासाने अर्ज लिहून दिला असता तरी उपयोग नव्हता. दुसरीकडे सरकारी भरतीत ऑनलाइन फॉर्म असतो, परीक्षेचे गुण असतात. 2017 नंतर शिक्षकांची भरतीही अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टलवरून होते. तिथे तुमचं सुंदर पत्र वाचायला कुणी बसलेलं नाही आणि नसलेलंच चांगलं.

पण या दोन्हींच्या मधे केवढी तरी जागा आहे! दवाखाने, मेडिकल, सीएची ऑफिसं, पतसंस्था, खासगी शाळा, छापखाने, सामाजिक संस्था, चाकण-रांजणगावच्या एमआयडीसीतले लहान कारखाने. आपली बहुतेक मुलं जातात ती इथेच. तिथे मालक किंवा मॅनेजर स्वतः अर्ज चाळतो, दुपारच्या जेवणानंतर, एकेका कागदाला अर्धा मिनिट देऊन. त्या अर्ध्या मिनिटात त्याला एकच गोष्ट हवी असते : हा माणूस माझं काम करील का? आणि वशिलेवाल्यालाही कधी कधी आपला ओळखीचा माणूस बाजूला ठेवून काम येणारा घ्यावा लागतो, कारण धंदा बुडवून कुणी नातं जपत नाही.

मागच्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी आली होती. बारावी कला. एका लहान मुलांच्या दवाखान्यात स्वागतकक्षावर मुलगी हवी होती. तिने लिहून आणलेला अर्ज वर दिलेल्या नमुन्याबरहुकूम होता. मी तो बाजूला ठेवला आणि तिला फक्त विचारत गेले. जाहिरातीत काय काय मागितलंय? त्यातलं तुला काय येतं? कशावरून येतं? ती बोलत गेली, मी तिला म्हटलं, हेच लिही. तिने लिहिलेलं पत्र तिच्या परवानगीने देते (नाव-गाव वगळून).

‘विषय : स्वागतकक्षातील कामासाठी अर्ज

महोदय,

आपल्या रुग्णालयात स्वागतकक्षासाठी व्यक्ती हवी असल्याची जाहिरात रविवारच्या पेपरात वाचली. तिच्यात मराठी-हिंदी बोलणे, संगणकावर नोंदी करणे आणि संध्याकाळची पाळी या तीन गोष्टी मागितल्या आहेत.

मी बारावी उत्तीर्ण आहे. एमएस-सीआयटी झाले आहे. गेली दीड वर्षे आमच्या भागातील एका मेडिकल दुकानात संध्याकाळी काम करते. रोज साठ-सत्तर गिऱ्हाईक असते. बिले मी संगणकावर करते. चिठ्ठीवरचे अक्षर लागले नाही तर अंदाज न करता मालकांना विचारते. घाईत आणि काळजीत असलेल्या माणसांशी शांतपणे बोलायची सवय झाली आहे. हिंदी बोलता येते. इंग्रजी वाचता येते, बोलताना अडखळते.

दुपारी 4 ते रात्री 10 ही वेळ मला जमेल. माझे घर रुग्णालयापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. भेटीसाठी कोणत्याही दिवशी सकाळी येऊ शकेन.

आपली,’

आणि खाली सही, पूर्ण नाव, फोन. सोबत काय जोडलं त्याच्या दोन ओळी.

शंभराच्या आसपास शब्द. यात ‘मेहनती’ हा शब्द नाही, ‘प्रामाणिक’ हा शब्द नाही. पण अक्षर लागलं नाही तर मालकांना विचारते, या वाक्यात दोन्ही आहेत. औषधाच्या दुकानात अंदाजाने गोळी देणारी मुलगी आणि विचारून देणारी मुलगी यांत काय फरक आहे हे डॉक्टरला सांगावं लागत नाही. घर पंधरा मिनिटांवर आहे, हे तिला लिहायचं नव्हतं. "मॅडम, हे कशाला?" अगं, रात्री दहाला सुटणाऱ्या मुलीबद्दल मालकाच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येतो!

वडिलांचा आक्षेप मात्र वेगळा होता. इंग्रजी बोलताना अडखळते, हे कशाला लिहायचं? आपणच आपली उणी बाजू का दाखवायची? मी म्हटलं, जाहिरातीत इंग्रजी मागितलेलंच नाही. आणि ‘इंग्रजी : उत्तम’ लिहिलं आणि समोरच्याने पहिलाच प्रश्न इंग्रजीत विचारला तर तिथे जी मान खाली जाईल, तिच्यापेक्षा हे बरं. शिवाय एक गोष्ट येत नाही असं सांगणाऱ्याच्या बाकीच्या गोष्टींवर वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. वडील काही पटून गेले नाहीत. पण मुलीने ते वाक्य ठेवलं. तिला बोलावणं आलं, नोकरी मात्र मिळाली नाही, दुसरीला दवाखान्याचाच अनुभव होता. तेच पत्र दोन वाक्यं बदलून तिने एका पॅथॉलॉजी लॅबला दिलं, तिथे ती लागली.

ती दोन वाक्यं बदलणं महत्त्वाचं आहे बरं का. एकच पत्र झेरॉक्स करून दहा ठिकाणी टाकणं हा आपल्याकडचा रिवाज. काहीजण तर पदाचं नाव आणि तारीख यांची जागा मोकळी सोडून झेरॉक्स काढतात आणि पेनने भरतात. वाचणाऱ्याला लगेच कळतं की हा नववा कागद आहे.

आता गॅपबद्दल. हा विषय माझ्या पिढीच्या डीएडवाल्यांच्या जिव्हाळ्याचा आहे. आम्ही डीएडला होतो तेव्हा गावोगावी डीएड कॉलेजं निघाली होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, दोन वर्षं झाली की नोकरी. 2012 मध्ये शिक्षक भरतीच बंद झाली. पहिली अभियोग्यता चाचणी उजाडली ती थेट डिसेंबर 2017 मध्ये. मधल्या वर्षांत माझ्या बॅचमधल्या किती जणी कुठे कुठे गेल्या! कुणी कापडाच्या दुकानात, कुणी शेतात, कुणी लग्न होऊन मुलाबाळांत. आज खासगी शाळांत अर्ज करताना त्या सगळ्या एकच गोष्ट करतात. ती वर्षं अर्जातून गायब करतात. डीएड उत्तीर्ण, टक्के अमुक, आणि एकदम ‘संधी द्यावी’.

माझी एक मैत्रीण अशीच. तिच्या अर्जात सात वर्षांचं एक भगदाड होतं. मी विचारलं, या सात वर्षांत काय करत होतीस? म्हणाली, "काही नाही गं, घरीच होते." मग बोलता बोलता निघालं की वीटभट्टीवरच्या कामगारांची बारा-तेरा मुलं ती संध्याकाळी ओट्यावर बसवायची. फी नाही. त्यांतली बरीच मुलं घरी मराठी न बोलणारी, आणि वर्ष संपायच्या आत बहुतेक सगळी जोडाक्षरांपर्यंत वाचायला लागायची. हे ‘काही नाही’! मी तिला एवढंच म्हटलं की, तुझ्या बीएच्या टक्क्यांपेक्षा कोणत्याही मुख्याध्यापकाला हे वाचायला आवडेल. तिने लिहिलं. चार शाळांत अर्ज केले, दोन ठिकाणांहून बोलावणं आलं, एका ठिकाणी ती आता शिकवते. पगार सांगण्यासारखा नाही. खासगी शाळांतल्या पगाराचा विषय वेगळ्याच लेखाचा आहे. सरकारी शाळेतल्या प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन 6,000 वरून 16,000 व्हायलाही 2023 उजाडलं, तर खासगीचं काय बोलावं.

संसारात, मुलांत, सासू-सासऱ्यांच्या आजारपणात गेलेली वर्षं हीसुद्धा एका वाक्यात सांगता येतात. ‘2016 ते 2021 मुलांच्या संगोपनासाठी नोकरी केली नाही, आता धाकटा शाळेत जातो आणि पूर्ण वेळ देऊ शकते.’ यात लाजण्यासारखं काय आहे? न सांगितलं तर वाचणारा स्वतःच काहीतरी कारण लावतो, आणि तो लावतो ते कारण सहसा चांगलं नसतं.

बायोडाटाबद्दल फार लिहीत नाही. फक्त लग्नाचा आणि नोकरीचा बायोडाटा वेगळा असतो एवढं मुलांना सांगा. वर्ण, उंची, रक्तगट, कुलदैवत, मामाकुळ (खरंच पाहिलं आहे!) या गोष्टी क्लार्कच्या नोकरीला लागत नाहीत. ‘छंद : वाचन, क्रिकेट, गाणी ऐकणे’ हेही राहू द्या. व्हॉट्सअॅपवर अर्ज पाठवायचा असेल तर वाकडा फोटो नको, पीडीएफ करा आणि तिला स्वतःचं नाव द्या. ईमेल आयडी ‘रॉयल किंग’ वगैरे असेल तर नवीन काढा, पाच मिनिटांचं काम आहे.

आता नवीन गोष्ट म्हणजे मोबाईलला अर्ज लिहायला सांगणं. मुलं एआयला सांगतात आणि दहा सेकंदांत गुळगुळीत इंग्रजी पत्र येतं. ‘मी एक उत्साही, ध्येयनिष्ठ आणि संघभावनेने काम करणारी व्यक्ती आहे.’ मला विचाराल तर हा आपला जुना ‘संधीचे सोने करीन’च आहे, फक्त सूट घालून आलेला. पन्नास अर्ज सारखे येत होते, आता शंभर येतील. मी वापरू नका म्हणत नाही, शुद्धलेखन तपासायला खुशाल वापरा. पण मेडिकलमध्ये अक्षर लागलं नाही तर विचारते, हे त्या मोबाईलला कुठून कळणार? ते ज्याचं त्यानेच सांगायचं आहे. आणि जाहिरात मराठीत असेल तर पत्र मराठीतच असू द्या. ज्या इंग्रजी पत्रातल्या शब्दांचा अर्थ मुलाखतीत सांगता येत नाही, ते पत्र आपल्याच विरुद्ध साक्ष देतं.

आता आपल्या प्राथमिकवाल्यांचं काम. तुम्ही म्हणाल, चौथीच्या मुलाला नोकरीचा अर्ज? नाही. पण ‘मला हे काम येतं आणि ते कशावरून’ हे सांगायला आठ-नऊ वर्षं वय पुरेसं आहे. आपल्या शाळांत शालेय मंत्रिमंडळ असतंच. बहुतेक ठिकाणी बाई नावं वाचतात आणि मुलं टाळ्या वाजवतात, नाहीतर हात वर करून मतदान होतं आणि लोकप्रिय मुलगा मुख्यमंत्री. दोन वर्षांपासून मी आमच्या वर्गात आधी अर्ज मागवते. फळ्यावर प्रत्येक खात्याचं काम लिहिते, अगदी जाहिरातीसारखं. आरोग्यमंत्री : आठवड्यातून एकदा नखं बघणं, पाण्याची टाकी झाकलेली आहे का पाहणं. ग्रंथालयमंत्री : पुस्तकं देणं-घेणं, फाटलेली चिकटवणं. मग मुलांनी पाच-सहा ओळींत लिहायचं. दोन अटी, ‘कृपया’ एकदाच आणि ‘मी हुशार आहे’ चालणार नाही.

पहिल्या वेळी निम्म्या वर्गाने ‘मला मंत्री करा, मी चांगले काम करीन’ लिहिलं. ते मी परत दिले आणि विचारलं, कशावरून? दुसऱ्यांदा जे आलं ते वाचण्यासारखं होतं. एका मुलाने लिहिलं, ‘मला आरोग्यमंत्री करा. टाकीचे झाकण उघडे राहते ते मी रोज लावतो. सुट्टीच्या दिवशी पण लावायला आलो होतो.’ वर्गात कधी हात वर न करणारा मुलगा हा! एका मुलीने ग्रंथालयासाठी लिहिलं की, घरी वह्यांना कव्हरं तीच घालते आणि बाबांच्या दुकानातला डिंक ती आणू शकते. सहलमंत्रीपदासाठी एकाने ‘माझ्या काकांची जीप आहे’ एवढंच लिहिलं होतं. व्यवहार कळतो त्याला!

ज्यांना पद मिळालं नाही त्यांना का नाही, हेही सांगायचं, नाहीतर पुढच्या वेळी कुणी लिहिणार नाही. आणि अर्ज शिक्षकाने एकट्याने न निवडता नाव झाकून वर्गात वाचून दाखवायचे. मुलं बरोबर ओळखतात कोणता अर्ज कुणाचा. ज्या अर्जावर ‘हा कुणाचाही असेल’ असं मुलं म्हणतात, तो लिहिणाऱ्याकडे परत जातो. सातवी-आठवीच्या शिक्षकांना हेच थोडं पुढे नेता येईल. रविवारच्या पेपरातली एक खरी जाहिरात फळ्यावर लावा आणि पहिल्या तासाला अर्ज लिहूच देऊ नका. जाहिरात देणाऱ्याची अडचण काय असेल, त्याला रात्री झोप का लागत नसेल, यावर नुसतं बोलू द्या. घरी आई-वडील, काका-मामा जिथे काम करतात तिथे माणूस निवडताना काय पाहतात, हे विचारून यायला सांगा. गवंडीकाम करणाऱ्या एका वडिलांनी आमच्या वर्गात येऊन सांगितलं होतं की, नवीन पोराला ते पहिल्या दिवशी फक्त वाळू चाळायला देतात आणि चाळण झटकून ठेवतो का एवढंच बघतात.

जूनमध्ये मंत्रिमंडळाचे अर्ज घेण्याआधी खात्यांची कामं नीट लिहून काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. कुणाला हवी असतील तर सांगा, पाठवते. तुमच्या शाळेत पोषण आहार किंवा परसबाग असेल तर ती खाती त्यात जोडून घ्या.